साठा उत्तराचं पाचा उत्तरी

2023 च्या अधिक श्रावणात माण तालुक्यातल्या एका गावी माझं कीर्तन होतं. आरती झाली, लोक पांगले, मी चिपळ्या पिशवीत ठेवत होते. तेवढ्यात एक बाई पुढे आली, नमस्कार केला आणि सरळ विषयालाच हात घातला. "ताई, तुम्ही दोन तास उभ्यानं बोलता. कागद लागत नाही, घसा बसत नाही. आमच्या बायांना दोन मिनिटं बोलायला शिकवाल का?"

ती उमेद या सरकारी अभियानाची सीआरपी, म्हणजे समुदाय संसाधन व्यक्ती होती, गावातले बचत गट बांधणारी आणि चालवणारी. तिचं गाऱ्हाणं असं, की गटाच्या बैठकीत या बायका तावातावाने बोलतात, कर्जाचे हप्ते तोंडपाठ सांगतात, बँकेत जाऊन साहेबाला व्याजाचा हिशेब विचारतात आणि ग्रामसभेत गेल्या की तोंडाला कुलूप. मी विचारलं, ग्रामसभा कधी आहे? "पंधरा ऑगस्टला. या, बघा तुमच्या डोळ्यांनी."

मी गेले. झेंडावंदन झाल्यावर ग्रामपंचायतीच्या सभागृहात सभा भरली. पुरुष खुर्च्यांवर, बायका दाराजवळ सतरंजीवर. राज्यात 2011 पासून पंचायतीतल्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत. इथेही नऊपैकी पाच सदस्य बायकाच, पण खुर्चीवर त्या बसलेल्या आणि बोलत होते त्यांच्या घरचे. पाण्याचा विषय निघाला. त्या साली पावसाने अशी ओढ दिली होती की तो ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. विहिरींनी तळ दाखवला होता. दाराजवळून एक पन्नाशीची बाई उठली. हातात शाळेच्या वहीचं फाडलेलं पान. "सन्माननीय सरपंच महोदय, व्यासपीठावरील मान्यवर आणि माझ्या बंधू-भगिनींनो," असं तिने वाचलं. पान थरथरत होतं. तिसऱ्या ओळीला अडखळली. मागून कुणीतरी म्हणालं, "मावशी, मुद्द्याचं बोला." तिने पानाची घडी घातली, कमरेला खोचली आणि खाली बसली. सभा पुढच्या विषयाकडे गेली.

सभा सुटल्यावर मी पारावर बसले होते. तीच मावशी कडुनिंबाखाली चार बायांना सकाळचं नळावरचं भांडण सांगत होती. हंडा कसा आपटला, शेजारीण काय म्हणाली, आपण काय म्हणालो, मध्येच नळाने कसा सूं सूं आवाज केला, सगळं हुबेहूब. चाराच्या आठ बाया झाल्या. मध्ये ती थांबली, तर कुणीतरी अधीर होऊन विचारलं, "मग?" हा "मग?" ऐकण्यासाठी कीर्तनकार जन्मभर झटतो. मी चिपळ्या घेऊन तेहतीस वर्षं उभी राहते आहे, मला त्याची किंमत माहीत आहे.

त्या पारावरच मी ठरवलं, की यांना बोलायला शिकवायचं नाही. बोलायला त्या शिकलेल्याच आहेत. कडुनिंबाखालचं बोलणं पंधरा पावलं आत, सभागृहात कसं न्यायचं, एवढंच बघायचं.

माझं शिक्षण नारदीय कीर्तनाचं. पुण्यात हरिकीर्तनोत्तेजक सभा 1884 पासून या परंपरेला धरून आहे. तिथल्या नारद मंदिरात मी लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून कीर्तनं ऐकली. पूर्वरंगात अभंग घेऊन सिद्धांत मांडायचा, मध्ये नामाचा गजर, मग उत्तररंगात तो सिद्धांत पटवणारं आख्यान लावायचं, अशी ही घडण. आख्यानात साकी, दिंडी अशी गायची वृत्तं येतात, प्रसंग धावायला लागला की जलद लयीचा कटाव येतो. ज्यांच्याकडे मी शिकले ते बुवा म्हणायचे, "आख्यान पाठ करू नकोस. बघ. तुला दिसलं तर त्यांना दिसेल." सोळाव्या वर्षी मला हे कळलं नव्हतं. सुदाम्याचे पोहे मी घडाघडा म्हणून टाकायचे. मग एकदा बुवांनी विचारलं, "पुरचुंडीचं फडकं कोणत्या रंगाचं होतं?" मी गप्प. "मग तू काय सांगतेस? तू बघितलंच नाहीस." त्या दिवसापासून ते फडकं मला दिसतं. मळकं पांढरं, एका कोपऱ्याला ठिगळ.

हे सगळं पाठीशी असताना पहिल्या बैठकीत मी चुकलेच. नागपंचमीच्या आठवड्यात महादेवाच्या देवळाच्या सभामंडपात सतरा बाया जमल्या. कधीतरी मी व्यक्तिमत्त्व विकासाच्या एका शिबिराला बसले होते. तिथलं सगळं मी त्यांच्यापुढे ओतलं. ताठ उभ्या राहा, नजर मिळवा, हात असे ठेवा, आवाज पोटातून काढा. बायांनी ऐकलं. एकेक जण उठली आणि लाकडासारखी उभी राहिली. डोळे माझ्यावर, हात कुठे ठेवायचे त्याची चिंता आणि तोंडातून शब्द नाही. जी मावशी कडुनिंबाखाली रंगात आली होती ती म्हणाली, "ताई, हातांकडं ध्यान दिलं की तोंड बंद व्हतंय अन् तोंड उघडलं की हात कुठं जात्यात कळंना." खरं होतं तिचं. आख्यान लावताना मी तरी कधी हातांचा विचार केला? द्रौपदी हात वर करते तेव्हा माझा हात वर जातो, कारण ती मला दिसते. मी मूळ सोडून फांदी शिकवत होते.

पुढची बैठक श्रावणी सोमवारी आली. निम्म्या बाया उपाशी, पूजा करून आलेल्या. मी म्हटलं, आज शिकायचं काही नाही. सोमवारची कहाणी कोण सांगतं? सगळ्यांनी एका म्हातारीकडे बोट केलं. गावात त्यांना सगळे थोरली आई म्हणतात. त्यांनी पदर सारखा केला, महादेवाकडे एकदा बघितलं आणि सुरू झाल्या. "आटपाट नगर व्हतं. तितं एक राजा व्हता..."

खुलभर दुधाची कहाणी आपल्या सगळ्यांना माहीत आहे. राजाने महादेवाचा गाभारा दुधाने भरायचं मनात आणलं आणि दवंडी पिटली, घरोघरचं सगळं दूध देवळात आणा. लोकांनी धाकाने वासरांना पाजलं नाही, पोरांना दिलं नाही, सगळं दूध नेऊन ओतलं. गाभारा काही भरेना. एका म्हातारीने आधी घरच्या पोरांना दूध दिलं, गाईवासरांना संतुष्ट केलं आणि मग उरलेलं खुलभर दूध वाहिलं. गाभारा भरला. राजाने पाळत ठेवून तिला धरलं आणि विचारलं, असं का झालं? म्हातारी भ्याली. राजाने अभय दिलं. मग तिने कारण सांगितलं.

थोरल्या आई इथपर्यंत आल्या आणि मी त्यांना थांबवलं. "म्हातारी राजाशी कशी बोलली, ते तेवढं परत सांगा."

त्या बसल्या जागी किंचित वळल्या. मान खाली गेली, मग हळूच वर आली. आवाज बारीक पण धार असलेला. "राजा, तुझ्या हुकमानं वासरं तळमळली, पोरं तळमळली, मोठ्या माणसांची हाय लागली. हे देवाला आवडत न्हाई." सभामंडपात चिडीचूप.

मी विचारलं, "म्हातारीनं कागद वाचला का?"

"न्हाई."

"सन्माननीय राजे महोदय म्हणाली का?"

हसू फुटलं. "न्हाई, न्हाई."

"मग काय सांगितलं तिनं?"

मागे बसलेली एक बारावी शिकलेली सून म्हणाली, "जे तिनं घरात बघितलं ते."

त्या दिवशी आम्ही कहाणीच उलगडत बसलो. आधी नगर येतं, म्हणजे ठिकाण. मग कोण राहतं ते येतं. मग काय कमी आहे ते. मग एक दिवस काय घडलं ते. उपदेश शेवटी, तोही एका वाक्यात. आजीने, आईने, सासूने वर्षानुवर्षं सांगितलेली ही बांधणी सतराही जणींच्या अंगात मुरलेली होती. मी त्यांना म्हटलं, आटपाट नगराच्या जागी आपली आळी घाला. काय होतं ते बघू.

नळावरच्या मावशी उठल्या. "आमची वरची आळी हाय," अशी सुरुवात केली आणि थांबल्याच नाहीत. धनगरवाड्याकडचा चढ, टाकीपासून येणारी पाइपलाइन, खालच्या आळीतली नळाला लावलेली मोटार, पहाटे रांगेत ठेवलेले हंडे, जावेशी झालेलं भांडण, नातवाने अंघोळीविना शाळेत जाणं. सूनबाईंनी प्रत्येक वाक्याला ज्वारीचा एक दाणा बाजूला टाकला. शेवटी मोजले तर त्रेसष्ट दाणे भरले. मला एकदम कहाणीचा शेवट आठवला. साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण! साठ बोलांत सांगायचं ते पाच बोलांत पुरं झालं, असा त्याचा अर्थ. लहानपणापासून नुसतं म्हणत आलो. मी दाण्यांकडे बोट केलं. "आपले साठ झाले, वर तीन. आता पाच करायचे."

पुढचे तीन आठवडे आमच्यात हीच भाषा चालली. "तुझे किती झाले?" "माझे चोवीस." हे काम वाटतं तितकं सोपं नाही. काय काढायचं हे ठरवताना माणसाला आपला विषय पहिल्यांदा नीट कळतो. मावशी नऊवर येऊन अडल्या. जावेचं भांडण सोडायला तयार नव्हत्या, कारण तिथेच तर रंगत होती. मी म्हटलं, रंगत कडुनिंबाखाली ठेवू. सभेत ज्यांना निर्णय घ्यायचा आहे त्यांना काय दिसायला हवं? त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "हंडं दिसाय पायजेत."

मग हंडे मोजायला बसलो. जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज 55 लिटर पाणी धरलेलं आहे, हे सीआरपीताईंना ठाऊक होतं. मावशींच्या घरात सहा माणसं, म्हणजे 330 लिटर. हंडा पंधरा लिटरचा, म्हणजे बावीस हंडे. मिळतात किती? "चार. कधी साडेचार." बावीस आणि चार हे आकडे त्यांनी बोटांवर दोनदा मोजून बघितले आणि चेहराच बदलला. इतके दिवस पाणी कमी येतं हे त्यांना ठाऊक होतं. किती कमी येतं, ते त्या दिवशी कळलं. आत्मविश्वास आत्मविश्वास म्हणतात तो आवाजात भरायच्या आधी असा कुठून तरी यावा लागतो. मी इतक्या जवळून तो येताना कधी बघितला नव्हता.

त्यांचे पाच बोल ठरले ते असे. "आमच्या वरच्या आळीत एकोणतीस घरं हायत. आज सकाळी सहाला नळ आला, सव्वासहाला गेला. माझ्या घरात सहा माणसं अन् भरलं चार हंडं. सरकारच्या हिशेबानं बावीस पायजेत. आधी वरच्या आळीला पाणी सोडा, मग खाली." शेवटचं वाक्य मी आग्रहाने घालायला लावलं. कीर्तनात आख्यान संपवताना आपण पुन्हा मूळ पदावर येतो. नाहीतर लोक म्हणतात, गोष्ट छान होती, पण कशासाठी सांगितली? अधिकाऱ्यालाही तोच प्रश्न पडतो. गोष्ट ऐकून तो हळहळतो आणि घरी जातो. मागणी ऐकली की त्याला हो किंवा नाही म्हणावं लागतं. पाणी आधी वर सोडायला नवी पाइपलाइन लागत नव्हती, फक्त खालच्या आळीचा व्हॉल्व्ह तासभर उशिरा उघडायचा. टाकी भरलेली असते तेव्हाच चढावर दाब पोचतो. हे मला पाणी सोडणाऱ्या भाऊंनीच सांगितलं.

कीर्तनातल्या आणखी काही गोष्टी तिथे कामी आल्या. एक म्हणजे कोणाकडे बघायचं. शंभर माणसांकडे बघता येत नाही. मी नेहमी तीन माणसं निवडते, एक पुढचं, एक मधलं, एक खांबाला टेकलेलं, आणि गोष्ट त्यांना सांगते. बायांना मी सांगितलं, सभेत आपला म्हणावा असा एक चेहरा आधीच हेरून ठेवा. भाऊ असेल, दीर असेल, शाळेतले गुरुजी असतील. पहिलं वाक्य त्याला. दुसरी गोष्ट आवाजाची. महत्त्वाचं वाक्य आलं की नवशिका ओरडतो. जाणता कीर्तनकार तिथे आवाज खाली आणतो, कारण ऐकायला माणूस पुढे झुकतो. तिसरी गोष्ट म्हणजे दुसऱ्याचं बोलणं त्याच्याच शब्दांत सांगायचं. "नातू नाराज झाला" यात काही नाही. "आजी, गुरुजी म्हणत्यात वास येतोय," यात सगळं आहे.

आणि गाडगेबाबा. मी त्यांना प्रत्यक्ष ऐकणं शक्यच नव्हतं, ते 1956 च्या डिसेंबरात गेले. पण त्यांच्या कीर्तनाची रीत आमच्या घरी वडील नेहमी सांगत. बाबा उपदेश करत नसत, प्रश्न विचारत. साधे, उत्तर आधीच ठाऊक असलेले प्रश्न. लोकांनी उत्तर दिलं की पुढचा. असं करत करत माणूस स्वतःच्या तोंडाने ते कबूल करायचा, जे त्याला कुणी सांगितलं असतं तर त्याने मानलं नसतं. मी बायांना म्हटलं, पाच बोल झाले की एक प्रश्न विचारा. असा, की ज्याचं उत्तर सगळ्या गावाला ठाऊक आहे.

कुणी मध्येच बोललं तर काय करायचं, याचा सराव मात्र आम्ही भरपूर केला. सीआरपीताई आडवं बोलणाऱ्या पुढाऱ्याची भूमिका फार मन लावून करत. "मावशी, हे आजच्या विषयपत्रिकेत न्हाई." "मागल्या वेळी सांगितलं की." "बसा आता." कीर्तनात मूल रडतं, ध्वनिक्षेपक बंद पडतो, कुणी उठून जातं. कीर्तनकार चिडत नाही, ध्रुवपद धरतो. मावशींचं ध्रुवपद होतं, "चार हंडं." कुणी काही म्हणालं की त्या ऐकून घेत, मान हलवत आणि म्हणत, "व्हय. पण चार हंडं." तिसऱ्यांदा म्हणाल्या तेव्हा सगळा मंडप त्यांच्याबरोबर म्हणाला.

आता जे लिहायला जड जातं ते लिहिते. चौथ्या बैठकीत मी सगळ्यांना आपापल्या आयुष्यातला अवघड दिवस सांगायला लावला. हेतू चांगला होता. मनातलं बोललं की माणूस मोकळा होतो, असं मला वाटायचं. एक तिशीची मुलगी उभी राहिली. गटात सगळ्यात कमी बोलणारी. तिने आपलं बाळ गेलं तो दिवस सांगितला. रात्री गाडी मिळाली नाही, पहाटेची एसटी, फाट्यावर थांबणं. सगळ्या रडल्या. मीही रडले. आणि तोंडातून निघून गेलं, "हे ग्रामसभेत सांगितलंस तर दगडाला पाझर फुटेल."

पुढच्या बैठकीला ती आली नाही. मी तिच्या घरी गेले. ओट्यावर सूप घेऊन मटकी निवडत होती. मला बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं, पुन्हा मटकी निवडायला लागली. खडे वेगळे, मटकी वेगळी. बऱ्याच वेळाने वर न बघता म्हणाली, "ताई, ते माझं हाय. ते सभेत मांडायचं न्हाई."

मी तिची माफी मागितली, मनापासून. मी तिच्या बाळाला आख्यान करायला निघाले होते. सुदामा, द्रौपदी, हरिश्चंद्र यांची दुःखं सांगताना आम्ही कीर्तनकार त्यांना विचारत नाही, त्याची सवय झालेली. जिवंत माणसाची गोष्ट त्याच्या मालकीची असते. ती कुठे सांगायची, किती सांगायची, सांगायची की नाही, ते त्याने ठरवायचं. तेव्हापासून मी कुणालाही अवघड दिवस विचारत नाही. मी कालचा दिवस विचारते. काल सकाळी उठल्यापासून काय काय बघितलंस, एवढंच. कुणाला त्याहून आतलं सांगायचं असेल तर तो आपणहून सांगतो आणि तेव्हाही मी पहिल्यांदा विचारते, हे इथंच ठेवायचं ना?

ती मुलगी पुन्हा यायला लागली. तिने विषय घेतला एसटीचा. संध्याकाळची गाडी बंद झाल्याने कॉलेजच्या सहा मुली फाट्यापासून अंधारात चालत येतात, हे ती रोज ओट्यावरून बघत होती. त्यात बाळाचा उल्लेख नव्हता. पण फाटा होता आणि थांबणं होतं. मला दिसत होतं ते कुठून आलं आहे.

मग गौरी-गणपती आले. त्या धांदलीत दोन बैठका बुडाल्या आणि सतराच्या अकरा जणी राहिल्या. काहींना घरून नको म्हणाले, एकीला सोयाबीनची काढणी होती. मी कुणाला ओढलं नाही. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची तरतूद कायद्यात आहे. एरवी या गावात ती वहीतल्या सह्यांपुरती होई, त्या वेळी खरी भरली. तिथे अकराही जणी बोलल्या. आपापसात असल्याने ते सोपं गेलं.

2 ऑक्टोबरला सभागृह भरलेलं होतं. गणपूर्तीला पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, यातली कमी असेल ती संख्या लागते. एरवी ती भरत नाही म्हणून सभा तहकूब व्हायची. त्या दिवशी बायकाच साठाच्या वर होत्या. मी मागे भिंतीला टेकून उभी होते. माझे तळहात घामाने ओले झाले होते. स्वतःच्या पहिल्या कीर्तनाला झाले नव्हते इतके.

पाण्याचा विषय आला. मावशी उठल्या. हातात कागद नव्हता. त्यांनी सभागृहात एकदा नजर फिरवली आणि ती तिसऱ्या रांगेतल्या त्यांच्या चुलत दिरांवर थांबली. "आमच्या वरच्या आळीत एकोणतीस घरं हायत." आवाज थोडा कापला. "आज सकाळी सहाला नळ आला, सव्वासहाला गेला." आता कापला नाही. कुणीतरी म्हणालं, "पाण्याची तर सगळीकडंच बोंब हाय, मावशी." त्या थांबल्या. मान हलवली. "व्हय. पण माझ्या घरात सहा माणसं अन् चार हंडं." हे त्या खालच्या आवाजात म्हणाल्या आणि पहिल्या रांगेतली माणसं मागे वळली. बावीसचा हिशेब सांगितला. मागणी सांगितली. मग जे आम्ही ठरवलं होतं ते. "एकच इचारते. सगळ्यात आधी नळ कुणाच्या दारी येतो?"

कुणी बोलेना. उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं, खालच्या आळीलाही. पाणी सोडणारे भाऊ दारात उभे होते, त्यांनी मान खाली घातली. शेवटी तिसऱ्या रांगेतले तेच दीर म्हणाले, "खालच्या आळीत. आमच्याच दारी."

नंतर बरीच वादावादी झाली. खालच्या आळीतल्यांनी आपली बाजू मांडली, ती खोटी नव्हती. त्यांच्याकडे जनावरं जास्त. अखेर ठरलं की महिनाभर सकाळी पहिला तास वरच्या आळीला पाणी द्यायचं आणि तेवढ्या वेळात कुणी नळाला मोटार लावायची नाही. ग्रामसेवकांनी वही उघडली. "सूचक म्हणून कुणाचं नाव लिहू?" मावशींनी नाव सांगितलं, स्वतःचं, मग नवऱ्याचं, मग आडनाव, सावकाश, एकेक अक्षर लिहून होईपर्यंत थांबत. अनुमोदक कोण, असं विचारल्यावर सदस्यांच्या खुर्च्यांमधून एका बाईंचा आवाज आला, "माझं लिहा." त्या आमच्या दोन बैठकांना येऊन मागे बसून गेल्या होत्या. एकदाही बोलल्या नव्हत्या.

एसटीवाली मुलगी दुसऱ्या वाक्यापर्यंत छान आली आणि तिसऱ्याला थांबली. डोळे भरले. ती कुठे पोचली असेल ते मला कळलं. ती खाली बसली. मला वाटलं, झालं. पण बसल्या बसल्याच, सतरंजीवरूनच, तिने उरलेली तीन वाक्यं सांगितली. कुणी मध्ये बोललं नाही. आगाराला पत्र द्यायचा ठराव झाला. बाकी नऊ जणींपैकी चौघी बोलल्या, पाच जणी गप्प राहिल्या. त्यातल्या एकीने नंतर सांगितलं, "पुढल्या सभेला, ताई. आज आयकून घेतलं." मला ते पुरेसं वाटलं.

पुढे माझी कीर्तनं सुरू झाली, जाणं झालं नाही. नोव्हेंबरात एका सकाळी आठवण आली म्हणून मावशींना फोन केला. वाजून वाजून बंद झाला. अर्ध्या तासाने त्यांचाच आला. धाप लागलेली.

"नळ आला व्हता, ताई. भरीत हुते."

"किती झाले?"

"अकरा," त्या म्हणाल्या. "अजून अकरा ऱ्हायलं."